सासऱ्यांचं पाट्यांवर नावं कोरायचं जुनं पॅन्टोग्राफ मशीन भंगारात द्यायचं नाही, मग कुणाला द्यावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. नाशिकला सासऱ्यांच्या बंद दुकानात मशीन पडून आहे, गाळा महिन्याभरात रिकामा करायचाय, भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे पण तुमच्या मिस्टरांचं मन होत नाही, आणि फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, फक्त गाव पुणे आणि सासऱ्यांच्या जागी माझे बाबा.

बाकी काही करायच्या आधी आज एक काम करा. दुकानात जा आणि अक्षरांचे डबे घरी घेऊन या. मशीन कुठे पळत नाही, पण ते डबे जातात. मशीनची बॉडी बिडाची असते, बिडाला भंगारात पितळेच्या मानाने फारच कमी भाव, आणि डब्यातली अक्षरं पितळेची. आमच्याकडे जो भंगारवाला आला होता त्याने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ डबा उघडला, हातात घेऊन वजन करून बघितलं आणि म्हणाला ताई हे आत्ता घेऊन जातो, मशीनला उद्या टेम्पो आणतो. मी हो म्हणणार होते हो! आईने आतून हाक मारली म्हणून वाचलं. अक्षरं गेल्यावर ते मशीन म्हणजे पोळपाट गेलेलं लाटणं, फुकटसुद्धा कोणी नेत नाही.

ज्यांनी हे मशीन बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते (भांड्यांवर नाव घालणाऱ्याच्या हातात जी थरथरणारी सुई असते ती वेगळी, त्याबद्दल हे नाही). पॅन्टोग्राफमध्ये एका बाजूला खाचेत पितळी अक्षरं ओळीने लावायची, प्रत्येक अक्षर पट्टीवर खोल कोरलेलं असतं, त्या खोबणीतून आपण हाताने सुई फिरवायची आणि दुसऱ्या बाजूला फिरणारं कटर तेच अक्षर लहान करून पाटीवर कोरतं. मधे चार दांड्यांचा समांतरभुज चौकोन, बस एवढंच. रेशो ४ ला १ लावला, म्हणजे अक्षर चौथ्या हिश्शाएवढं उतरतं, तर हात १ मिलिमीटर हलला तरी पाटीवर ती चूक पाव मिलिमीटरच दिसते, म्हणून साठीनंतर बाबांचा हात थोडा कापायला लागला तरी पाट्या सरळच यायच्या. ही दांड्यांची युक्ती १६०३ची आहे, ख्रिस्तोफ शाइनर नावाच्या जर्मन पाद्र्याची, तोच पुढे सूर्यावरचे डाग बघत बसला होता.

आता तुमच्याकडे देवनागरी टाइप असतील तर तो डबा खरंच जपा. इंग्लिश अक्षरं जुन्या मशीनांबरोबर बाहेरून यायची, ती आजही मिळतात, देवनागरी सेट मात्र शोधून सापडत नाही. आणि त्यात नुसती अक्षरं नसतात, वेलांट्या वेगळ्या, मात्रा वेगळ्या, रफार वेगळा, जोडाक्षरं वेगळी. बाबा शिरोरेघ सगळ्यात शेवटी कोरायचे, अख्ख्या नावाची एका दमात, साध्या सरळ पट्टीवरून, कारण अक्षराअक्षराची तुकड्यांत केली की सांधे दिसतात. आमच्या डब्यात 'श्री'ची पट्टी सगळ्यात झिजलेली होती. साहजिक आहे, आपल्याकडे पाटी दुसऱ्या कशाने सुरूच होत नाही. खोबणी इतकी रुंद झाली होती की सुई आत डुगडुगायची, मग बाबा सुई मुद्दाम डाव्या भिंतीला दाबून धरून फिरवायचे. आमच्या पेठेतल्या दारांवर अजून त्या पाट्या आहेत, 'श्री' किंचित थरथरलेला दिसला की मी ओळखते.

बरं, कुणाला द्यायचं. मी आधी सगळ्या चुकीच्या ठिकाणी फिरले ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये विचारलं, सर खूप प्रेमाने बोलले, चहा पाजला, आणि म्हणाले की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या वहीत, चढवायचं तर बिल लागेल, बिल नाही तर देणगीपत्र, मग कमिटी. दोन महिने गेले. एका संग्रहालयात फोन केला तर वजन ऐकूनच गप्प झाले. ऑनलाइन जाहिरात टाकली तर 'लास्ट प्राइस?' विचारणारे तीसेक जण आणि बघायला आलेला एकही नाही. आणि हो, नाशिकला तुम्हाला कोणीतरी नक्की सांगणार की नोटांचा प्रेस आहे की, तिथे विचारा. नका विचारू, ते कोरीवकाम वेगळं आणि तिथल्या गेटवरून पुढे जाणं त्याहून वेगळं.

शेवटी जमलं ते उलट विचार केल्यावर. मशीन कुणाला आवडेल हे सोडून दिलं आणि बाबांच्या वह्या काढून बघितलं की पाट्यांची ऑर्डर यायची कुठून. घरांच्या पाट्या आणि ट्रॉफ्या तर होत्याच, पण निम्म्याच्या वर ऑर्डरी होत्या कंट्रोल पॅनलच्या लेबलांच्या. ट्रॅफोलाइट नावाच्या प्लास्टिकची शीट असते ना, वर काळी आणि आत पांढरी, वरचा थर कोरला की पांढरी अक्षरं उमटतात, 'इनकमर', 'स्पेअर', 'पंप १', 'पंप २' असली. ती पट्टी प्रत्येक इलेक्ट्रिकल पॅनलवर लागते. मग मी भोसरीच्या लेबलवाल्यांचे नंबर काढून एकेकाला फोन लावायला बसले आणि सहाव्या फोनवर माणूस मिळाला.

तुमचं तर नाशिक आहे, सातपूर आणि अंबडला स्विचगिअर आणि पॅनलवाले किती आहेत! त्यांना मशीन विकायला जाऊ नका, त्यांना फक्त विचारा की तुम्ही लेबलं कुणाकडून करून घेता, आणि त्या माणसाकडे जा. तुम्ही म्हणाल त्यांच्याकडे आता लेझर असेल. आहेच, आमच्या माणसाकडे राउटरपण (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) होता. पण एकच लेबल चुकलं आणि साइटवर गाडी उभी आहे अशा वेळी फाइल बनवा, सेटिंग लावा यापेक्षा चार टाइप खाचेत सरकवून हाताने कोरणं त्याला लवकर पडतं असं तो म्हणाला. शिवाय पितळेत खोल कोरून त्यात रंग भरायचा असेल तर त्याला हेच बरं वाटतं. हे लोक मशीन वापरतात, म्हणजे तेलपाणी होतं. शोकेसमध्ये ठेवणाऱ्यापेक्षा माझं मत यांच्या बाजूने.

त्यांच्यात नाही जमलं तर भांडी बाजार-सराफ बाजारात शिक्के आणि ट्रॉफ्यावाल्यांकडे विचारा. आणि तुमच्या मशीनची सुई वरखालीपण चालत असेल, म्हणजे उठावाच्या नमुन्यावरून फिरवली की कटर तसंच वरखाली होतं, तर ते डाय, म्हणजे छाप उठवायचे ठसे, कोरायचं मशीन आहे, मग साच्यावाल्यांना किंवा थेट कोल्हापूरजवळच्या हुपरीला, चांदीवाल्यांमध्ये विचारा, तिथे डाय लागतात.

फोन करण्याआधी मशीनची माहिती हाताशी ठेवा नाहीतर कोणी सिरियसली घेत नाही. बॉडीवर कंपनीची प्लेट असते. टेलर हॉब्सन असेल तर इंग्लंडमधल्या लेस्टरचं, ही लेन्स बनवणारी कंपनी, लेन्सवरचे आकडे कोरायला त्यांनी मशीन काढलं आणि मग तेही विकायला लागले. डेकेल असेल तर म्युनिकचं, तेही कॅमेऱ्याच्या शटरवाले, गंमत आहे. ग्राव्होग्राफ म्हणजे फ्रान्सचं, १९३८ची कंपनी. नाव परदेशी निघालं तर हौशी लोकही विचारतात, जुनी माहिती लेथ्स डॉट को डॉट यूके या साइटवर बघा. देशी कॉपी असेल तरी हरकत नाही, आमचं तेच होतं आणि गेलं. मग कटर घालायच्या कॉलेटचं माप व्हर्नियरने घ्या, ४.३६ मिमी आलं म्हणजे ११/६४ इंच, ही कटरं अजून नवी मिळतात, आणि समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो.

मोटरची प्लेट वाचल्याशिवाय प्लग लावू नका प्लीज. अमेरिकेतून आलेल्या मशीनला ११० व्होल्टची मोटर असू शकते, आपल्या २३०वर धूर निघेल. मोठं उभं मशीन असेल तर थ्री फेज असेल, ते आधीच सांगून टाका. चालतं का बघायला वीज लागतही नाही, कटरच्या जागी टोकदार पेन्सिल अडकवा आणि सुईने एखादा चौकोन फिरवा, जिथून सुरू केला तिथेच कोपरा बंद झाला तर सांधे घट्ट आहेत. फट राहिली तर बेअरिंग गेलंय, तेही बदलता येतं, लपवू नका. गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा पण कृपा करून रंग मारू नका, माझ्या भावाने हौसेने निळा ऑइलपेंट मारला आणि रेशोच्या पट्टीवरचे आकडे बुजले, ते खरवडण्यात माझा एक रविवार गेला.

उचलताना दांड्यांना धरून कोणालाही उचलू देऊ नका. हमाल पहिला हात तिथेच घालतो कारण धरायला सोपं दिसतं, आणि दांडी एकदा वाकली की संपलं. दांड्या मिटवून फडकं गुंडाळून सुतळीने बांधा, छोटा हत्ती सांगा, मशीन आडवं न टाकता उभंच न्या.

पैशाचं विचाराल तर आम्ही भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त घेतलं, टेम्पो त्याचा. फुकट देऊ नका असं मला वाटतं, फुकट आलेली वस्तू लोक कोपऱ्यात टाकतात. एकच अट घातली, की मशीन, कटरं, अक्षरांचे डबे सगळं एकत्र राहील, आणि पुढे विकलंस तर एकत्रच वीक. लिहून वगैरे नाही घेतलं. त्याने आमच्यासमोर लावून बघायला म्हणून बाबांचं नाव कोरलं, 'श्री' त्याचाही थरथरला, मग आईने त्याला सुई डावीकडे कशी दाबायची ते दाखवलं. इतकी वर्षं ती फक्त जेवणाचा डबा घेऊन दुकानात जायची, तिने हे कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला, ताई सगळं आहे पण 'ज्ञ' नाही. मी म्हटलं नसेल हो, हरवला असेल. आईने मात्र शोधला, शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बटणांच्या डबीत सापडला, कुरिअर केला. तेव्हा तुम्हीपण द्यायच्या आधी घरातले ड्रॉवर, देव्हाऱ्याखालचा खण, सासऱ्यांच्या जुन्या शर्टांचे खिसे एकदा बघून घ्या.