उबुंटू काढलं, ग्रब राहिला

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोजसोबत उबुंटू होतं. वापर होईना म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं पार्टिशन उडवलं. आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब>’ येतं. सगळं फॉरमॅट करावं लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. विंडोज जागेवर आहे. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कोणती सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा, उबुंटूसोबत आलेला छोटा प्रोग्राम. त्याचा मेन्यू उबुंटूच्या पार्टिशनमध्ये होता, तो गेला. पण ग्रब स्वतः ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये असतो, तो राहिला.

लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की दाबा (बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप) आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. हे नाव दिसलं म्हणजे मशीन यूईएफआयवर (मशीन सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर) चालतंय, आणि पुढचं सगळं त्यासाठीच आहे. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. त्यात ‘डिस्कपार्ट’ ही पार्टिशन हाताळायची कमांड द्या आणि मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या. फॅट३२ असलेला, शंभर ते काही शे एमबीचा, ‘सिस्टिम’ लिहिलेला व्हॉल्यूम सिलेक्ट करून त्याला झेड हे अक्षर असाइन करा. बाहेर येऊन झेडमधल्या ईएफआय फोल्डरची यादी बघा : बूट, मायक्रोसॉफ्ट, उबुंटू. ‘आरडी /एस’ने फक्त उबुंटू काढा. बाकी कशालाही हात लावू नका, हे कळकळीनं सांगतोय. बहिणीच्या कॉम्प्युटरवर मी घाईत ते अख्खं पार्टिशनच फॉरमॅट केलं होतं. मायक्रोसॉफ्ट फोल्डरही गेला, विंडोज उठेना, आणि तिचा प्रोजेक्ट दोन दिवसांवर आलेला. शेवटी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून ‘बीसीडीबूट’ या कमांडने ते फोल्डर पुन्हा तयार केलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

फोल्डर गेला तरी बूट मेन्यूत उबुंटूचं नाव राहू शकतं. ‘बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर’ने यादी काढा, उबुंटूसमोरचा महिरपी कंसातला आयडेंटिफायर कॉपी करा आणि ‘बीसीडीएडिट /डिलीट’च्या पुढे कंसासकट पेस्ट करा. हे पॉवरशेलमध्ये करू नका, तिथे कंसाचा वेगळा अर्थ लागतो.

झेड अक्षर ‘माउंटव्हॉल झेड: /डी’ने काढून टाका. रिकामी झालेली जागा सी ड्राइव्हला लागून उजवीकडे असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने त्यात मिळवता येईल.