रबरी गांडूळ गळाला सरळ कसं ओवायचं, आणि मरळ शेपूट तोडून का पळते?

तुम्ही निपाणीजवळ राहता, अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून सात इंची रबरी गांडुळं आणि ऑफसेट, म्हणजे नेढ्याजवळ वाकवलेले, गळ मागवलेत, आणि तीन तक्रारी लिहिल्यात: गांडूळ पाण्यात भिंगरीसारखं फिरतं, केंदाळात अडकतं, आणि मरळ झटका देते पण नुसतं शेपूट घेऊन जाते. पहिल्या दोन तक्रारी ओवण्यातल्या आहेत, घरी बसून सुटतील. तिसरीचं मूळ माशाच्या तोंडात आहे, म्हणून आधी ती घेतो.

बास हा उत्तर अमेरिकेचा मासा, आपल्या वेदगंगा-दूधगंगेत तो नाही. त्याचे दात कानशीसारखे नुसते खरखरीत असतात. भक्ष्य टप्प्यात आलं की तो तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर अख्खं गांडूळ आत ओढतो. त्यामुळे गळ डोक्याकडे असला तरी तोंडात जातोच. ओहायोतल्या अॅक्रन गावात निक क्रीम यांनी १९४९ साली प्लास्टिकचं गांडूळ ओतलं, ते या तोंडासाठी. तुम्ही व्हिडिओत बघितलेली जोडणी, म्हणजे टेक्सास रिग (पुढे गोळीसारखं शिसं, मागे रबरात टोक दडवलेला गळ), तीही बाससाठीच रुळली.

मरळ ओढून घेण्यापेक्षा झेप घेऊन चावते. केंदाळाखाली दबा धरते, उसळते आणि सुळ्यांनी मधेच कुठंतरी पकडते. सात इंची गांडुळात गळ पुढच्या अडीच इंचांत संपतो, मागचे साडेचार इंच मोकळे. ती त्या मोकळ्या भागाला धरते, तुम्ही झटका मारता, रबर तुटतं. म्हणून मरळीसाठी गांडूळ चार-साडेचार इंचांचंच हवं. नवीन पाकीट घ्यायची गरज नाही, आहे तेच डोक्याकडून ब्लेडने काटकोनात कापा. शेपटाकडून कापू नका, पाण्यातली सगळी हालचाल शेपटाचीच असते.

गळ मग ४/० किंवा ५/० नको, २/० नाहीतर ३/० घ्या (पहिला आकडा मोठा तसा गळ मोठा), पण जाड तारेचा. मरळीचा जबडा हाडाचा आहे, बारीक तार तिथं उघडते. गांडुळाशेजारी गळ धरून बघा: गळाच्या पोटातली मोकळी जागा गांडुळाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी. चाव्याच्या वेळी रबर दबून त्या जागेत खाली सरकलं तरच टोक बाहेर येतं. जागा नसेल तर रबराचा गोळा मधे येतो आणि गळ तोंडातून नुसता घसरून निघतो.

आता ओवणं. आधी गोळीच्या आकाराचं शिसं दोरीत घाला, निमुळतं तोंड रॉडकडे, खोलगट बूड गळाकडे. मग गळ बांधा. पालोमर गाठ सोपी आणि भक्कम: दोरी दुहेरी करून तिचा फास नेढ्यातून काढा, त्याच दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, फासातून अख्खा गळ जाऊ द्या, थुंकीने ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली तर दोरी घासून तापते आणि तिथंच कमजोर होते.

गांडुळाच्या दोन्ही कडांना साच्याची बारीक रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाला लागते. ही रेघ तुमची ओळंब्याची दोरी समजा. गळाचं टोक नाकाच्या बरोबर मध्यात टोचा, पाच-सहा मिलिमीटर आत न्या आणि पोटाकडून बाहेर काढा, दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये, डावी-उजवीकडे नाही. गांडूळ गळावरून वर सरकवा. नेढ्याजवळचा वाकडा भाग नाकात शिरेपर्यंत आणा आणि गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक गांडुळाकडे वळेल. आता गांडूळ मोकळं लोंबू द्या, गळ बाजूने टेकवा आणि गळाचा वळसा जिथं येतो तिथं नखाने खूण करा. त्या खुणेवर टोक आरपार घाला, पोटातून पाठीकडे, पुन्हा दोन्ही रेघांच्या मध्येच.

इथं थांबून गांडूळ डोळ्यासमोर धरा. ते पट्टीसारखं सरळ लोंबलं पाहिजे. मधे कुबड आलं असेल तर टोक खुणेच्या मागे, शेपटाकडे घातलं गेलंय. ताणलेलं दिसत असेल तर खुणेच्या पुढे, डोक्याकडे, आणि ते दोन-चार फेकींत नाकाशी फाटेल. पीळ पडला असेल तर टोक दोन्ही रेघांच्या मध्यावरून ढळलंय. हे कुबड नाहीतर पीळ म्हणजेच तुमची भिंगरी. असं गांडूळ पाण्यात फिरतं, दोरीला पीळ घालतं, आणि दहा-पंधरा फेकींनंतर रीलवर गुंता होतो. काढून पुन्हा ओवा. वाकडं गांडूळ 'चालेल की' म्हणून टाकणं म्हणजे सगळी सकाळ वाया घालवणं, यात मी कधीच सूट देणार नाही.

शेवटची पायरी केंदाळाची. पाठीवर आलेलं टोक उघडं राहिलं तर प्रत्येक मुळीला धरेल, आणि रबरात खोल रुतवलं तर माशालाही धरणार नाही. कापडाचा एकच पदर उचलून टाका घालतात, तसं टोकासमोरची रबराची कातडी चिमटीत किंचित पुढे सरकवा आणि टोक तिच्याखाली फक्त एक-दोन मिलिमीटर दडवा. बोट फिरवलं तर टोचू नये, दाबलं तर लगेच टोचावं. दर तीन-चार फेकींनंतर तपासा, टोक आपोआप बाहेर येत राहतं.

शिसं किती? गावतळ्यात किंवा जुन्या खाणीत, पाणी दीड-दोन मीटर असेल तर साडेतीन ग्रॅम. दाट केंदाळाच्या भोकातून खाली उतरवायचं असेल तर सात. उगाच जड लावू नका, गांडूळ दगडासारखं पडतं आणि बहुतेक चावे ते पडत असतानाच येतात. उघड्या पाण्यात शिसं दोरीवर मोकळं फिरू द्या. केंदाळात मात्र ते गांडुळाच्या डोक्याला चिकटून राहिलं पाहिजे, नाहीतर शिसं एका भोकातून जातं आणि गांडूळ दुसऱ्या पानावर राहतं. त्यासाठी दोरीवर रबरी स्टॉपर लावतात. शिशाच्या भोकात टूथपिक खुपसूनही भागतं, पण त्याने दोरी खरचटते.

दोरी वीस ते तीस पौंडांची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, आणि साडेसहा-सात फुटांचा मीडियम हेवी, म्हणजे बऱ्यापैकी ताठ, रॉड. बाससाठी उघड्या पाण्यात लोक याहून हलकं वापरतात, पण मरळ लागली की पहिल्याच धडकेत मुळ्यांत घुसते आणि तिथून ती हलक्या सामानाने निघत नाही. मुळ्यांत शिरेपर्यंत तिचं डोकं वळवायला तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात.

टाकायचं केंदाळाच्या पलीकडे, आणि ओढत भोकापर्यंत आणून तिथं सोडायचं. पडताना दोरी किंचित सैल, नजर दोरीवर. ती अचानक थांबली, बाजूला सरकली किंवा टचकन हलली, तो चावा. तळाला टेकलं की रॉड घड्याळातल्या नऊवरून अकरापर्यंत उचला, खाली आणता आणता सैल दोरी गुंडाळा, पाच मोजा, पुन्हा उचला. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, तिथं पाण्यावर गोल वलय उठतं. नेमकं त्या वलयावर टाकू नका, ती दचकून खाली जाते. एक-दीड मीटर पुढे टाकून तिच्या वाटेत आणा.

चावा आला की लगेच हिसका नको. रॉडचं टोक माशाकडे झुकवा, सैल दोरी गुंडाळा, वजन हाताला लागलं की दोन्ही हातांनी जोरात. ही एका सेकंदाची गोष्ट आहे, पण नुसतं शेपूट हाती येणं आणि मासा येणं यातला अर्धा फरक तिथंच पडतो. उरलेला अर्धा लांबीचा, तो वर सांगितला. तरीही शेपूटच जात असेल तर आणखी अर्धा इंच कापा.

व्हिडिओत गांडुळाच्या मधोमध गळ टोचलेलाही तुम्ही बघितला असेल, दोन्ही टोकं हलवत ते सावकाश उतरतं. त्याला वॅकी म्हणतात. स्वच्छ उघड्या पाण्यातल्या बासला ते फार आवडतं. आपल्या केंदाळात उघडा गळ अडकतो आणि मरळीच्या एका चाव्यात दोन तुकडे होतात. सोडून द्या.

पावसाळ्यात पाणी लाल गढूळ झालं की काळं किंवा गर्द जांभळं घ्या, त्याची सावली दिसते. दिवाळीनंतर पाणी निवळलं की हिरवट-तपकिरी. नाकाशी फाटलेलं गांडूळ फेकू नका, फाटका सेंटीमीटर कापून पुन्हा ओवा. वेगवेगळ्या जातीच्या मऊ प्लास्टिकची गांडुळं एका डबीत ठेवलीत तर काही एकमेकांत विरघळून चिकट लगदा होतात, काही कडक डबीलाही खातात. मूळ पाकिटातच आडवी ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहून वाकली असतील तर मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि सपाट ताटात थंड होऊ द्या, सरळ होतील. वाकडं तसंच ओवलंत तर पुन्हा भिंगरी.

एक विनंती मनापासून करतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा घोळका खळबळताना दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली जोडी राखण करत असते आणि भुकेने नाही, पिल्लांच्या काळजीने तुमच्या गांडुळावर तुटून पडते. ती काढली की घोळका इतर मासे आणि पाणपक्षी संपवतात. तुटलेलं रबर आणि दोरीचे तुकडेही खिशातून परत आणा, बगळ्यांच्या पायात दोरी अडकते.

गावतळं बहुधा ठेक्याने दिलेलं असतं, पंचायतीत किंवा ठेकेदाराला आधी विचारा. हिडकलसारख्या धरणावर जायचं असेल तर मत्स्य खात्याकडे चौकशी करा. आणि चिक्कोडीकडे कृष्णेवर गेलात तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका, विशेषतः दिवस मावळताना. तिथं मगरी आहेत. गांडूळ अडकलं तर दोरी हाताला न गुंडाळता काठीच्या तुकड्याला गुंडाळा, मागे चालत जाऊन तोडा आणि दुसरं ओवा.