आकाश सुरेख, चेहरा काळा

प्रश्न : फुटाळा तलावावर मावळतीला बहिणीचा फोटो काढला. आकाश छान आलंय, पण तिचा चेहरा काळवंडलाय. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवलं की आकाश पांढरं पडतं. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळ्या फोटोचं एक्स्पोजर वाढवू नका. लाइटरूम या फोटो-एडिटिंग अ‍ॅपमध्ये मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच बदलायची सोय) उघडून ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ निवडा. निवडलेला भाग दाखवणारा लाल थर फक्त बहिणीवर दिसायला हवा. केसांच्या कडेने तो आकाशात सांडला असेल तर ‘सबट्रॅक्ट’च्या ब्रशने तेवढा पुसा; नाहीतर डोक्याभोवती उजळ कड उमटते आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग एक्स्पोजर +०.७०, शॅडोज (गडद भागांचा उजळपणा) +२० पासून सुरुवात करा. फार ओढलंत तर गालांवर दाणे दिसतात, जेपीजीत (नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या फोटो-फाइलीत) तर लवकरच. चेहरा आकाशापेक्षा थोडा गडदच राहू द्या, मावळतीला तेच खरं वाटतं. पुढच्या वेळी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या.