चित्र काढायला प्रवास करावाच लागतो का, आणि चित्रकलेची सुरुवात नेमकी कुठून झाली?

दोन प्रश्न एकत्र विचारलेत ते बरं केलं, कारण माझ्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेलेच आहेत. मी जालन्याकडचा, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेतो, शाळांच्या भिंती रंगवतो, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काहीतरी चालू असतं.

सुरुवातीचं म्हणाल तर एक गाव, एक माणूस असं काही मिळायचं नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत रानडुकराचं चित्र आहे, त्याचं वय निदान ५१,२०० वर्षं असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, उद्या अजून जुनं कुठंतरी निघेल. मला वयापेक्षा स्पेनच्या अल्तामिरा गुहेचं जास्त अप्रूप वाटतं. तिथं छताच्या दगडाला जिथं फुगवटा होता, तिथंच त्या आदिमानवानं बायसनचं अंग बसवलंय, म्हणजे जनावर अर्धं दगडातच होतं, यानं फक्त गेरू आणि कोळशानं ते बाहेर काढलं. कॅनव्हास विकत आणून त्याच्यासमोर तासभर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हे जरा झोंबतंच.

आता आपल्या अजिंठ्याला या. लोक १ नंबरच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहतात, सेल्फी जमला नाही की पुढं सरकतात. तुम्ही जरा रंग उडालेल्या जागेची कड बघा. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि झाडाचे तंतू कालवलेले, वरून चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. आमच्या आजीच्या माळवदाच्या घराला भिंती लिंपायची रीत पण अशीच, माती तुडवून त्यात भुसकट, वाळलं की पांढऱ्या मातीनं पोतारा. म्हणजे अर्धी टेक्निक आमच्या घरातच होती, ती बघायला मला शंभरेक किलोमीटर जावं लागलं.

रंगही बहुतेक जवळपासचेच, तांबडा-पिवळा गेरू, काजळी, चुना, आणि तो मळकट हिरवा तर आपल्याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या हिरव्या मातीचा. पण निळा? तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेला. पाचव्या शतकात, वाकाटक राजांच्या काळात, अजिंठ्याच्या वाघुर नदीच्या घळीत बसलेल्या चित्रकाराच्या हातात एवढ्या लांबचा दगड कुटून आलेला रंग! तो स्वतः तिकडं गेला असेल असं मला वाटत नाही. व्यापारी फिरले, भिक्खू फिरले, रंग फिरला, आणि हा आपला भिंतीसमोर.

म्हणून प्रवासाबद्दल माझं मत जरा तिरकस आहे. नुसती सीनरी बघायला फिरून चित्र सुधारत नाही. बर्फाचे डोंगर, बोटी, किल्ले, सगळे तेच काढतात आणि सगळ्यांचं सारखंच दिसतं. फिरायचं ते दुसऱ्यानं आपली भिंत, आपली माती, आपला उजेड कसा हाताळला ते बघायला. आणि डोळे उघडे ठेवून, नाहीतर विमानानं जाऊन पण काही दिसत नाही. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेनं भोपाळकडं चालले होते, खिडकीतून खडक दिसले, वाटलं इथं काहीतरी असणार, आणि जाऊन बघितलं तर भीमबेटका, आदिमानवाच्या चित्रांनी भरलेल्या गुहा. त्याच गाडीत बाकीचे पण बसलेच होते की!

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर लांब कुठं जाऊ नका, आधी अजिंठा दोनदा करा. सोमवारी बंद असतं, सकाळी लवकर पोचा, फर्दापूरहून वर बस असते. फ्लॅश चालत नाही, त्यामुळं फोटोच्या नादी लागू नका. छतं बघायला जमलं तर छोटी दुर्बीण न्या, मान दुखते पण १ आणि २ नंबरच्या छतांवर फळं, फुलं, हंस इतकं आहे की खालच्या मोठ्या चित्रांइतकाच वेळ तिथं जातो. ९ आणि १० नंबर पण सोडू नका, तिथली काही चित्रं इसवी सनाच्या आधीची आहेत, पुसट झालीत, पण रेषा बघा नुसत्या. वही आणि पेन्सिल मात्र घ्या सोबत.