कवचवरून ईटीसीएसला: ब्रिटनला यायच्या आधी

तुमचा प्रश्न असा: सिग्नलमध्ये ७ वर्षं, त्यातली शेवटची २ कवचवर (धोका दिसला की गाडीला आपोआप ब्रेक लावणारी आपली यंत्रणा), मुलगी पाचवीत; ब्रिटनमध्ये ईटीसीएसचं, म्हणजे तशाच युरोपीय यंत्रणेचं, काम वाढतंय, तर यावं का? व्हिसा आणि पगार सरकारी साइटवर आहेत, ते सोडतो.

काम ओळखीचं वाटेल. सिग्नलचे क्यू सिरीजचे रिले (विजेवर चालणारे स्विच) आपल्याकडे इथूनच आले, डबल यलो म्हणजे दोन पिवळ्या दिव्यांचा सिग्नलही तोच. घोळ होतो तो लहान आकड्यांत. रंगीत दिव्यांच्या सिग्नलपुढे १२० मीटर ओव्हरलॅप (गाडी लाल ओलांडून गेलीच तर म्हणून मोकळी ठेवलेली जागा) धरायची आपली सवय. इथे साधारण १८०. जुन्या प्लॅनवर अंतर मैल आणि चेनमध्ये, ईटीसीएसच्या डेटात मीटरमध्ये. चेन म्हणजे २०.११६८ मीटर. कुणी सरळ २० धरली की मैलामागे ९ मीटरहून जास्त गायब. त्यात गाडी स्वतः मोजते त्या अंतरात मान्य चूक ५ मीटर अधिक ५ टक्के, म्हणजे बलीसपासून किलोमीटरभर पुढे ५५ मीटर. (बलीस म्हणजे रुळांमध्ये बसवलेली, गाडीला तिची जागा सांगणारी पेटी; तुमचा आरएफआयडी टॅगच समजा. त्यातही बॅटरी नसते, वरून जाणारी गाडीच त्याला वीज देते.)

पुढची वीस वर्षं याच डेटाची आहेत, आणि डेटा बिघडला की रिलेसारखा खट आवाज येत नाही. वेल्समधल्या केंब्रियन लाइनवर ऑक्टोबर २०१७ मध्ये सिग्नलिंगचा कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला, तात्पुरत्या वेगमर्यादा गाड्यांकडे जायच्या बंद झाल्या, आणि कंट्रोलच्या स्क्रीनवर मात्र त्या लागू दिसत राहिल्या. ताशी ३० किलोमीटरच्या जागी गाडी ८०च्या वेगाने गेली. चूक पकडली ती ड्रायव्हरने. म्हणून इंटरव्ह्यूत कवचचं कौतुक ऐकवू नका. रीस्टार्टनंतर टीएसआर (तात्पुरती वेगमर्यादा) नेमकी कुठून वाचून पडताळता, ते सांगा. स्क्रीनवरून, असं उत्तर दिलंत तर तिथेच संपलं.

आता कागद. तुमची ७ वर्षं इथे शून्यापासून मोजली जातात. आयआरएसईचं, म्हणजे रेल्वे सिग्नल इंजिनिअरांच्या संस्थेचं, लायसन्स हवं, त्यासाठी लॉगबुक हवं, लॉगबुकवर तुमचं काम पाहणाऱ्याची सही हवी. आणि रुळावर पाय ठेवायचा तर पीटीएस (रुळावरच्या सुरक्षेचं) कार्ड, जे स्पॉन्सर कंपनीशिवाय मिळत नाही. ज्याने स्टेशनं चालू करून दिली, त्याने दुसऱ्याच्या देखरेखीखाली वायर मोजायची. राग दिसत असेल तर दिसू दे. पण नियमामागे १२ डिसेंबर १९८८ चा लंडनमधला क्लॅफमचा रेल्वे अपघात आहे: जुनी वायर एका टोकाला सोडवली, पण कापली नाही, बांधली नाही, वायर काउंट झाला नाही, ती परत टर्मिनलला टेकली, सिग्नल लाल व्हायचा तो झाला नाही, ३५ माणसं गेली. ती वायर सोडवणाऱ्याला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. त्यानंतर पाळी १२ तासांवर आणि आठवडा ७२ तासांवर बांधला गेला. त्यामुळे राग धरूनही मी या नियमाच्याच बाजूने आहे.

शाळेचं अजून सलतं. इंग्लंडमध्ये वर्ग ठरतो वयावर, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. आधीची इयत्ता कुणी विचारत नाही. सेकंडरीचा अर्ज आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत. नंतर आलात तर वेळेत आलेल्यांचं झाल्यावर तुमचा नंबर, उरलेली शाळा. तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे, तेव्हा यायचंच तर सप्टेंबरच्या आत या आणि पत्ता लगेच पक्का करा. पुढे मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत येऊ लागतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

एकटेपणा? आपला ब्लॉक (कामासाठी रूळ बंद ठेवणं) तो इथला पझेशन: शनिवारी रात्री, आणि मोठी कामं नाताळात, गाड्या बंद असतात तेव्हा. मराठी मंडळाचे कार्यक्रमही शनिवारीच. बास.

राजीनाम्याआधी एक करा. साहेबांकडून लेटरहेडवर कामवार पत्र घ्या: स्टेशन, रूट किती, तारखा, आणि तुम्ही डिझाइन केलं, तपासलं की टेस्टिंग केलं, हे वेगवेगळं. 'सिग्नलिंगच्या कामात सहभाग' असं एका ओळीत लिहिलेलं पत्र इथे चालत नाही. ड्रॉइंग्ज मात्र सोबत आणू नका, ती तुमची नाहीत. आयआरएसईची परीक्षा ऑक्टोबरमध्ये असते. पहिला मॉड्यूल तिथूनच देऊन या.