जिभेचे व्यायाम शिकवणं हेही करिअर असतं?

पत्र : मी बारावी सायन्सला आहे. आठवीत दातांना तारा लावल्या होत्या. दात सरळ झाले, पण तारा काढल्यावर वर्षभरातच पुढे पुन्हा फट दिसायला लागली. गिळताना माझी जीभ दातांवर ढकलते, असं ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणाले आणि त्यांनी मला एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. सहा-सात महिने जिभेचे, ओठांचे व्यायाम केले. तोंड उघडं ठेवून झोपायची सवय गेली, सकाळी घसा कोरडा पडायचा तोही थांबला. आता मला हेच काम शिकायचंय. आई म्हणते, "जिभेचे व्यायाम शिकवणं हे काय करिअर आहे का?" मी तीन महिन्यांचा एक ऑनलाइन 'मायोफंक्शनल थेरपिस्ट' (म्हणजे तोंडाच्या, चेहऱ्याच्या स्नायूंना वळण लावणारा) कोर्स बघून ठेवलाय. बारावीनंतर लगेच करू का? (आता व्यायाम येतात म्हणून रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, डबीत ठेवून दिलाय.)

उत्तर : तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा काय केलं सांगू? पाण्याचा घोट घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि गिळताना हनुवटी आक्रसते का ते पाहिलं, कारण ती चुकीच्या गिळण्याची एक खूण. थोडी आक्रसते. इतकी वर्षं दुसऱ्यांना दिशा दाखवतेय आणि स्वतःची जीभ कुठे असते ते आज कळलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो कोर्स आत्ता करू नकोस. क्षेत्र खरं आहे, तुझी ओढही खरी वाटते, पण मायोफंक्शनल थेरपी ही फांदी आहे आणि तू झाडाला वळसा घालून थेट फांदीवर बसायला निघाली आहेस. झाड म्हणजे स्पीच थेरपी, दंतवैद्यक किंवा फिजिओथेरपी. त्यातली एक पूर्ण पदवी आणि रुग्ण तपासायचा रीतसर परवाना हातात असला, तरच वरच्या छोट्या प्रशिक्षणाला अर्थ येतो. नुसत्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर तू व्यायाम दाखवू शकशील, पण समोरचं मूल तोंडाने श्वास का घेतंय हे तुला ओळखता येणार नाही. त्याचे ॲडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतील, ॲलर्जीने नाक चोंदलेलं असेल, किंवा जिभेखालचा पडदा आखूड असेल. नाकच बंद असलेल्या मुलाला "ओठ मिटून ठेव" असं सांगणं म्हणजे क्रूरपणाच. तुलाही व्यायामांच्या आधी कुणीतरी नीट तपासलं असेल, आठवून बघ.

तू या विषयाचं एकच दार पाहिलंस, दातांचं. ते सगळ्यात जुनं आहे. बॉस्टनचे ऑर्थोडॉन्टिस्ट आल्फ्रेड रॉजर्स यांनी 1918 मध्येच लिहिलं होतं की दात हलवायचे तर स्नायूंनाही शिकवावं लागतं. गंमत अशी, की दोष गिळण्यावर येतो, पण हिशेब वेगळंच सांगतो. माणूस दिवसभरात साधारण 500 ते 1000 वेळा गिळतो आणि दर वेळी जिभेचा दाब सेकंदभर टिकतो. म्हणजे जास्तीत जास्त सतरा मिनिटं. एवढ्याने दात सरकत नाहीत. दाताला हलका पण तासन्‌तास टिकणारा दाब सरकवतो. म्हणून उरलेल्या वेळात जीभ कुठे विसावते, हा खरा प्रश्न. टाळूला टेकून, की खालच्या दातांवर रेलून?

तुझ्या थेरपिस्टने तुला वरच्या पुढच्या दातांमागचा तो खडबडीत उंचवटा दाखवला असेल. सगळे त्याला 'स्पॉट'च म्हणतात. मी एकदा अशा एका सत्रात कोपऱ्यात बसले होते. साताठ वर्षांचा मुलगा होता. बाईंनी त्याच्या जिभेच्या टोकावर तारांना लावतात तसलं इवलंसं रबर ठेवलं. ते स्पॉटवर दाबून धरायचं, दात मिटायचे, ओठ उघडे ठेवायचे आणि गिळायचं. पहिल्या पाच वेळा रबर खाली पडलं. सहाव्या वेळी टिकलं, पण हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या उमटल्या. बाईंनी बोट न लावता नुसता आरसा त्याच्याकडे वळवला. त्याने बघितलं, हनुवटी सैल सोडली आणि पुन्हा गिळलं. तासाभरात एवढंच झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हे मुद्दाम सविस्तर सांगतेय. या कामात व्यायाम थोडे आणि सवय मोडणं फार. स्नायूला ताकद आणणं त्यामानाने सोपं. मूल गणित सोडवत बसलंय, खेळतंय, झोपलंय, तेव्हाही जीभ आपसूक वर राहिली पाहिजे. ते घडवायला महिने लागतात, आणि तेवढे महिने त्या मुलाचा आणि त्याच्या थकलेल्या आईबापांचा उत्साह टिकवायचा असतो. बहुतेक उपचार इथेच फसतात. तुझा फसला नाही, त्याचं निम्मं श्रेय ज्यांनी रोज आठवण करून दिली त्यांना. त्या बहुधा आईच असणार.

दुसरं दार झोपेचं, आणि मला स्वतःला सगळ्यात रोचक वाटतं ते हेच. जिनिओग्लॉसस नावाचा एक स्नायू खालच्या जबड्याच्या आतून निघून जिभेत पंख्यासारखा पसरतो. जिभेला पुढे ओढून श्वासाची वाट मोकळी ठेवणं हे त्याचं काम. झोपेत तो सैलावतो, जीभ मागे सरते. कुणी घोरतं, तर कुणाचा श्वास दहा-दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. तो स्लीप ॲप्निया. ब्राझीलमध्ये मध्यम तीव्रतेच्या ॲप्नियाच्या 31 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम दिले, दुसऱ्याला नुसते खोल श्वासाचे. तीन महिन्यांनी पहिल्या गटात श्वास अडण्याचं प्रमाण तासाला सरासरी 22 वरून 14 च्या आसपास आलं, दुसऱ्या गटात फरक नव्हता. त्याआधी, 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 25 जणांच्या अभ्यासात निम्म्यांना चार महिने डिजरिडू हे लांबलचक फुंकवाद्य वाजवायला शिकवलं होतं. त्यांची दिवसाची झोपाळू पेंग कमी झाली. (घरच्यांना घोरणं परवडलं असतं की हे वाद्य, ते मला ठाऊक नाही!) पुढे 2015 मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा मोठ्या माणसांत श्वास अडण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. मात्र 22 वरून 14 म्हणजे आजार गेला असं नाही, कारण तासाला 5 च्या वर गेलं की ॲप्निया धरतात. तीव्र ॲप्नियात सीपॅप मशीनच्या (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राच्या) जागी व्यायाम देणं चूक आहे. जोडीला द्यावेत.

तोंडाने श्वास घेणं थांबलं की काय होतं, ते तू अनुभवलंसच. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं. उघड्या तोंडात लाळ सुकते, आणि दात किडवणारं आम्ल सौम्य करण्याचं काम लाळेचं असतं. तुझा सकाळचा कोरडा घसा आणि दातांचं आरोग्य यांचा संबंध असा आहे.

आणखी काही दारं तुझ्या वयात सहसा दिसत नाहीत. पक्षाघातानंतर ज्या आजोबांना पाणी गिळताना ठसका लागतो, त्यांचं पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांना गिळायला पुन्हा शिकवणारे हेच लोक, म्हणजे स्पीच थेरपिस्ट. चेहऱ्याचा लकवा झालेली बाई बरी होताना हसायला जाते आणि तिचा डोळाच मिटतो, कारण मज्जातंतूंची जोडणी चुकीच्या जागी झालेली असते. तिथे जोर लावून व्यायाम केले तर बिघाड वाढू शकतो. आरशासमोर अगदी छोटी, हळू हालचाल शिकवावी लागते, इतकी छोटी की बघणाऱ्याला काही होतंय असं वाटूच नये. ब्राझीलमध्ये हे सगळं स्पीच थेरपीतलं रीतसर विशेष क्षेत्र आहे, आणि 2014 पासून तिथे प्रत्येक नवजात बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता कडू घोट. या क्षेत्राच्या नावावर बराच बाजार चालतो. जीभ टाळूला दाबून मोठ्यांचा जबडा कोरीव होतो, असे व्हिडिओ तूही पाहिले असशील. वाढ पूर्ण झालेल्या माणसाची हाडं त्याने हलतात याला पुरावा नाही. दुसरं, मूल 'र' किंवा 'स' नीट म्हणत नसेल, तर त्याच्याकडून नुसते फुगे फुगवून घेऊन उच्चार सुधारत नाही. तो उच्चार बोलण्यातूनच घोटून घ्यावा लागतो. हे व्यवसायातही अनेकांना अजून पटलेलं नाही. आपल्याच कामाबद्दल "याचा इथे उपयोग नाही" असं म्हणता येणं हीही तुझी पात्रता ठरेल.

तर वाट कोणती? तुझ्या पत्रावरून मला तू स्पीच थेरपीकडे झुकलेली दिसतेस. त्यात शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, बालमानसशास्त्र हे सगळं येतं. काही देशांत पदवीवर काम करता येतं, काही ठिकाणी पदव्युत्तर लागतं, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी नोंदणीचे नियम स्वतः वाच, एजंटकडून ऐकू नकोस. दंतवैद्यक घेतलंस तर या कामाला दिवसातला थोडाच वेळ मिळेल. बाकी वेळ दातांचाच. फिजिओथेरपीतून जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याचा लकवा ही बाजू जवळ येते. आणि एक धोक्याची सूचना: पहिली काही वर्षं तुला 'जिभेचं' काम फारसं मिळणारच नाही. तोतरेपणा, उशिरा बोलणारी मुलं, श्रवणयंत्र लावलेली मुलं, हेच रोजचं काम असेल. ते आवडणार नसेल तर ही पदवी घेऊ नकोस.

प्रवेशाआधी दोन गोष्टी कर. तुझ्या थेरपिस्टना विचारून एक पूर्ण दिवस त्यांच्याजवळ बस, अर्थात रुग्णांची परवानगी घेऊन. लाळ, ओकारी, रडारड, रद्द झालेल्या वेळा, सगळं बघ. आणि घरात कुणाची तरी एखादी छोटी सवय, खुर्चीत पोक काढून बसणं वगैरे, चौदा दिवस न ओरडता मोडून दाखव. पाचव्या दिवशी तुझा आवाज चढला तर कळव, मग आपण बोलू.

आईंच्या प्रश्नात मला टोमणा कमी आणि काळजी जास्त ऐकू येते. त्यांना नाव पटत नाहीये, कारण या नावाची पदवी त्यांनी कुठे पाहिलेली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांना सांग, "मी स्पीच थेरपिस्ट व्हायचं म्हणतेय." मग चर्चा फी, कॉलेज, नोकरी अशा बोलण्यासारख्या गोष्टींवर येईल. हवं तर हे पत्र त्यांना वाचायला दे.

ता. क. रिटेनर डबीतून बाहेर काढ. इतके दिवस पडून असेल तर तो आता घट्ट बसेल, त्यामुळे जबरदस्तीने दाबून बसवू नकोस. आधी ऑर्थोडॉन्टिस्टना दाखव आणि बंद करायचा का नाही ते त्यांनाच ठरवू दे.