वाचकांचे प्रश्न : अख्खे विमान भाड्याने घेतले जाते तेव्हा

सैनिकांसाठी आणि खेळाडूंच्या संघांसाठी विमान कंपन्या संपूर्ण विमान भाड्याने (चार्टर) कसे देतात, याविषयी उदगीर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि परभणी येथील वाचकांनी विचारलेले चार प्रश्न एकमेकांना पूरक असल्याने या अंकात ते एकत्र घेत आहोत.

प्रश्न : वायुदलाकडे स्वतःची मोठी विमाने असताना जवानांना प्रवासी कंपनीच्या विमानाने का नेले जाते? अशा विमानात शस्त्रे नेता येतात का? (एक माजी सैनिक, उदगीर)

उत्तर : युद्धाच्या किंवा आपत्तीच्या काही आठवड्यांत जितकी माणसे हलवावी लागतात, तितक्यांना पुरतील एवढी विमाने वर्षभर सांभाळणे कोणत्याही वायुदलाला परवडत नाही. शिवाय सी-१७ किंवा आयएल-७६ यांसारखी मालवाहू विमाने तोफा, अवजड वाहने आणि दारूगोळ्यासाठी मोकळी ठेवावी लागतात. माणसे साध्या प्रवासी विमानानेही जाऊ शकतात. आपल्याकडे याचे उदाहरण स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत घडले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली बटालियन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली, तेव्हा तिला नेणाऱ्या डाकोटा विमानांमध्ये खासगी विमान कंपन्यांकडून तातडीने घेतलेली विमानेही होती.

अमेरिकेने हीच गोष्ट १९५१ पासून कायमच्या व्यवस्थेत बसवली. तेथील विमान कंपन्या आपली काही विमाने संकटकाळी लष्कराला देण्याचे आधीच लिहून देतात आणि त्या बदल्यात शांततेच्या काळात लष्करी प्रवासाची कंत्राटे त्यांना मिळतात. ऑगस्ट १९९० मध्ये आखाती संकटाच्या वेळी ही व्यवस्था पहिल्यांदा प्रत्यक्षात वापरली गेली आणि आखातात गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक सैनिक नागरी विमानांतून गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून माणसे बाहेर काढताना १८ नागरी विमाने बोलावण्यात आली. ती काबूलला गेली नाहीत, तर लष्करी विमानांनी ज्या सुरक्षित तळांवर माणसे आणून सोडली तेथून त्यांना पुढे नेण्याचे काम त्यांनी केले. धोक्याच्या टापूत लष्कराचे विमान आणि त्याबाहेर कंपनीचे विमान, अशी ही वाटणी सर्वसाधारणपणे पाळली जाते.

शस्त्रांविषयी सांगायचे तर ती नेता येतात, परंतु रिकामी करून, दारूगोळ्यापासून वेगळी ठेवून आणि आधी परवानगी घेऊनच. नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या ३५ व्या कलमानुसार एखाद्या देशाच्या हद्दीत किंवा हद्दीवरून युद्धसामग्री न्यायची असल्यास त्या देशाची संमती लागते. म्हणूनच आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर इंधनासाठी थांबणाऱ्या, अमेरिकी सैनिकांना नेणाऱ्या भाड्याच्या विमानांनाही शस्त्रांसाठी आयर्लंड सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. हे कलम आपल्या भागाला परके नाही. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या वेळी भारताच्या हद्दीवरून विमाने नेऊन बीदर आणि वरंगळ येथे निजामाच्या राजवटीसाठी शस्त्रे उतरवली होती. मराठवाडा तेव्हा त्याच राजवटीखाली होता. पैसे घेऊन, विनापरवाना केलेली ही चार्टर वाहतूकच होती आणि अशा परवानग्या कशासाठी असतात हे मराठवाड्याच्या वाचकांना यापेक्षा जवळच्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

प्रश्न : २०२४ च्या विश्वचषकानंतर भारतीय क्रिकेट संघासाठी खास विमान बार्बाडोसला गेले. कंपनीकडे असे मोकळे विमान असते का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बहुधा नसते. जमिनीवर उभे असलेले विमान कंपनीला रोज तोट्यात घालते, त्यामुळे वेळापत्रक असे आखले जाते की विमान जवळजवळ सतत उडत राहावे. चार्टरसाठी मग रात्रीच्या फटी, कमी गर्दीचे दिवस किंवा राखीव ठेवलेले एखादे विमान वापरले जाते. बेरिल चक्रीवादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकलेल्या संघाला एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानाने ४ जुलै २०२४ रोजी पहाटे दिल्लीला आणले. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून दिल्लीला यायचे विमान या कामासाठी वळवल्याने तेथील प्रवाशांचे काय झाले, याचा खुलासा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीकडून मागवला. संघ सुखरूप परतल्याचा आनंद आम्हालाही झाला होता, तरीही हा खुलासा मागवणे योग्यच होते, कारण तिकीट काढलेला सामान्य प्रवासी आणि विजेता संघ यांच्याशी कंपनीने केलेले करार सारख्याच मोलाचे असतात.

प्रश्न : ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा २०१६ मधील अपघात आठवला की भीती वाटते. चार्टर विमाने कमी सुरक्षित असतात का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नियमित वेळापत्रकावर उडणाऱ्या चांगल्या कंपनीने आपलेच विमान आणि आपलेच वैमानिक दिले असतील, तर भीतीचे कारण नाही. तथापि एक फरक नीट समजून घ्यायला हवा. रोजच्या मार्गावरील उड्डाणाचे गणित शेकडो वेळा तपासले गेलेले असते, तर चार्टरचा मार्ग, वजन, इंधन, परवानग्या आणि वैमानिकांच्या ड्यूटीचे तास हे सारे त्या एका दिवसासाठी नव्याने मांडावे लागते आणि तेथे चूक किंवा हेळसांड शिरण्यास वाव राहतो.

आपण उल्लेखिलेल्या, चापेकोएन्से या ब्राझीलमधील क्लबच्या संघाला ब्राझीलहून थेट कोलंबियाला लामिया या बोलिव्हियन कंपनीच्या विमानाने जायचे होते. परंतु दोन देशांमधील चार्टर त्या दोहोंपैकी एका देशाच्याच कंपनीने चालवावे, असा नियम असल्याने ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. तेव्हा संघ नियमित विमानाने बोलिव्हियातील सांताक्रूझला गेला आणि तेथून लामियाच्या विमानात बसला. २८ नोव्हेंबर २०१६ च्या त्या उड्डाणाच्या आराखड्यात प्रवासाचा अपेक्षित वेळ ४ तास २२ मिनिटे आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटेच लिहिलेला होता. नियमाने पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे आणि त्यावरही काही काळ घिरट्या घालण्याचे इंधन राखीव असावे लागते. येथे ते नव्हते आणि वाटेत इंधनासाठी थांबणेही टाळले गेले. कोलंबियातील मेडेलिन शहराजवळ इंजिने बंद पडून ७७ पैकी ७१ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा मुख्य वैमानिक स्वतः कंपनीचा भागीदार होता, म्हणजे थांबण्याचा निर्णय घेणारा आणि त्या थांब्याचा खर्च सोसणारा एकच होता. या अपघातातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आमच्या मते हीच आहे.

वजनाचा मुद्दा तर सैनिक आणि खेळाडू या दोन्ही गटांत सारखाच येतो. नेहमीच्या उड्डाणात प्रत्येक प्रवाशाला वजनकाट्यावर उभे करत नाहीत, तर एक सरासरी वजन धरतात. धिप्पाड खेळाडूंचा संघ किंवा पाठीवर साहित्य घेतलेली पलटण यांना ती सरासरी लागू पडत नाही, म्हणून अशा गटांसाठी प्रत्यक्ष किंवा वेगळे ठरवलेले वजन धरणे भाग असते. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातील गँडर येथे अ‍ॅरो एअर कंपनीचे डीसी-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि नाताळसाठी घरी निघालेले २४८ अमेरिकी सैनिक व ८ कर्मचारी ठार झाले. चौकशी मंडळातील बहुसंख्य सदस्यांनी पंखांवरील बर्फ हे संभाव्य कारण मानले आणि वजन प्रत्यक्षापेक्षा कमी धरले गेल्याचेही नोंदवले. काही सदस्यांना मात्र हा निष्कर्ष मान्य नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि सैनिकांना नेणाऱ्या कंपन्यांची तपासणी संरक्षण खाते स्वतः करू लागले. नागरी परवाना आहे एवढ्यावर न थांबता भाड्याने घेणाऱ्यानेही तपासावे, हा बदल २५६ जीव गेल्यावर झाला.

प्रश्न : आमच्या मुलींच्या कबड्डी संघाला आणि मैदानी खेळाडूंना राष्ट्रीय स्पर्धेसाठी विमान भाड्याने घेणे परवडेल का? (एक क्रीडाशिक्षक, परभणी)

उत्तर : एवढ्या लहान पथकाला परवडणार नाही. लग्नासाठी प्रासंगिक करारावर एसटी घेतली की आगारापासून आगारापर्यंतचे किलोमीटर मोजले जातात, तसेच येथे विमानाची रिकामी फेरीही आपल्याच खात्यावर लागते. उड्डाणाच्या तासांखेरीज विमानतळाचे शुल्क, विमान उभे करण्याचे भाडे आणि कर्मचाऱ्यांचा मुक्कामही त्यात धरला जातो. विमान निम्मे रिकामे असले तरी पैसे पूर्ण विमानाचेच पडतात. मोठ्या संघटनांनाही हा खर्च जड जातो. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघांना एरवी नियमित विमानांनीच प्रवास करावा लागे आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने आपल्या खेळाडूंसाठी परस्पर चार्टर घेतले म्हणून लीगने त्याला ५ लाख डॉलर दंड केला. सर्व संघांसाठी संपूर्ण हंगाम चार्टर देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. पुरुषांच्या लीगमध्ये ही सोय फार पूर्वीपासून होती. मुलींच्या प्रवासाचा आणि विश्रांतीचा विचार आपण करता याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते, म्हणून व्यवहार्य ते सांगतो.

साधारण दहा किंवा अधिक प्रवाशांना विमान कंपन्या गट-आरक्षण देतात. नावे नंतर कळवण्याची सवलत बहुधा त्यात असते आणि निवड चाचणी उशिरा होणाऱ्या संघांना तिचाच खरा उपयोग होतो. विमान नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून धरायचे याचा निर्णय साहित्य पाहून घ्यावा. धनुष्यबाण, भाला, गोळा असे साहित्य केबिनमध्ये नेता येत नाही, आणि पुरुषांचा भाला अडीच मीटरहून लांब असल्याने लहान विमानाच्या सामानकक्षात तो मावेलच असे नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी साहित्याची लांबी व वजन कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्यावे, आणि नकार आल्यास भाले दोन दिवस आधी एका शिक्षकाबरोबर रेल्वेने पाठवावेत.